पहिलं कणीस कुणाचं

श्रीमंत तरुणाची आणि सुईच्या नाकातून जाणाऱ्या उंटाची गोष्ट आमच्या मंडळीत वर्षातून एकदा तरी प्रवचनाला येतेच. (मंडळी म्हणजे आमच्याकडं चर्चची माणसं. बायकोलाही मंडळीच म्हणतात. दोन्हीकडं आपण ऐकूनच घ्यायचं असतं.) ही गोष्ट चालू असली की लोक अगदी निवांत बसतात. कारण सोपं आहे. बाकावर बसलेल्यांत कुणीच स्वतःला श्रीमंत समजत नाही. तीन एकर ऊसवाला म्हणतो, ही गोष्ट कारखान्याच्या संचालकासाठी. संचालक म्हणत असेल, मुंबईच्या शेटजीसाठी. असा तो उंट पुढं पुढं हाकलत नेतात आणि शेवटी तो अमेरिकेत जाऊन बसतो.

मार्कानं ती गोष्ट सांगताना एक बारीक जागा टिपली आहे. येशूनं त्या तरुणाकडं पाहिलं आणि त्याला त्याच्याविषयी प्रेम वाटलं. मग म्हणाला, असेल नसेल ते विक, गरिबांना दे आणि ये. रागानं नाही म्हणाला. तो तरुण खिन्न होऊन निघाला तेव्हा कुणी त्याच्या मागं पळालं नाही, अट खाली आणली नाही. आमच्या बाजारात गिऱ्हाईक उठून चाललं की व्यापारी हाक मारतो, दोन रुपये कमी करतो. इथं तसं काही नाही. मला त्या गोष्टीतली श्रीमंती कधी टोचली नाही, ते खिन्न होणं टोचतं. त्याला मनापासून यायचं होतं, पण मालमत्तेनं पाय धरला. शेताभातात गुंतलेल्या माणसाला हे समजायला पाळकसाहेब लागत नाहीत.

देवाला आधी ठेवायचं, धनाला मागं, हे सगळ्यांना पाठ आहे. पण आधी म्हणजे कुठं? सातबाऱ्यावर? कांद्याच्या पट्टीत? पाण्याच्या पाळीत? मला वाटतं प्रश्न तिथंच आहे, आणि तिथं तो फारसा कुणी नेत नाही.

आमच्या नगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर म्हणायचं) ख्रिस्ती माणसाला हा प्रश्न आधी उलट्या बाजूनं विचारला गेला. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ, मग १८९९-१९०० चा, त्या काळात महारवाड्या-मांगवाड्यांतून पुष्कळ माणसं मिशनकडं आली. गावानं एक वाक्य करून ठेवलं, पोटासाठी बाटले. म्हणजे यांनी देव नाही निवडला, भाकर निवडली. शाळेत मलाही हे ऐकावं लागलं. तेव्हा उत्तर सुचायचं नाही. आता योहानाचा सहावा अध्याय वाचतो तेव्हा सुचतं. पाच हजारांना जेवू घातल्यावर लोक दुसऱ्या दिवशी येशूला शोधत आले, आणि तो त्यांना तोंडावर म्हणाला की तुम्ही भाकरी खाऊन तृप्त झालात म्हणून आलात. खरं ते बोलला. पण आदल्या दिवशी जेवायच्या आधी त्यानं कुणाला विचारलं नव्हतं की तुम्ही कशासाठी आलात. उपाशी माणसानं भाकरीकडं जाणं आणि भरल्या पोटी माणसानं तिजोरीकडं जाणं ही एकच गोष्ट नव्हे. भाकरीसाठी आलेली आमची माणसं पुढं भाकर दिसत नव्हती तेव्हाही राहिली, हे कुणी मोजत नाही. माझ्या आज्यानं येसकरी सोडली, बलुतं सोडलं, आणि तरुणपणी प्रवरेच्या पाटाच्या खोदाईवर पाटी उचलली. त्याला यात धन काय मिळालं?

पुढं कागदाची भानगड आली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ साली शीख आले, १९९० साली बौद्ध आले. ख्रिस्ती बाहेरच राहिले. त्यामुळं आमच्यातल्या कितीतरी घरांत रविवारी एक ओळख असते आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरी. वेदीपाशी उभं राहून यावर गरजणारे पुष्कळ पाहिलेत. मी कुणाला नावं ठेवत नाही. पोराची फी कशी भरायची हे गरजणारा सांगत नाही. पण ज्यानं दाखल्यावर ख्रिस्ती लिहिलं आणि फी कर्ज काढून भरली, त्यानं विकून टाक या शब्दाचा अर्थ आपल्या पुरता काढला, एवढं मात्र मी म्हणेन. आणि सरकारनं माणसाला देव आणि फी यांत एक निवड म्हणून उभं करू नये, हेही म्हणेन.

आता पाण्याकडं येतो, कारण आमच्या भागात धन म्हणजे पाणी. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं, प्रवरेचे पाट वाहिले आणि जिथं बाजरीसुद्धा भीत भीत यायची तिथं ऊस उभा राहिला. १९५० साली लोणीला सहकारी कारखाना निघाला. मग पाटाच्या खालची जमीन आणि पाटाच्या वरची जमीन अशी दोन जातींची जमीन झाली. सोयरीक करताना आधी विचारायचं, रान पाटाखालचं का वरचं? मुलगा कसा आहे ते मागून.

उत्पत्तीच्या पुस्तकात अब्राहाम आणि लोट यांची वाटणी आहे. चुलता-पुतण्या. गुरं वाढली, गुराख्यांची भांडणं लागली, आणि अब्राहाम म्हणाला, तू डावीकडं गेलास तर मी उजवीकडं जाईन. लोटानं नजर टाकली, यार्देनेचं खोरं भरपूर पाण्याचं दिसलं, त्यानं ते घेतलं. आमचे प्रवचनकार लोटाला फार झोडपतात. मी झोडपत नाही. पाणी बघून जमीन निवडणारा शेतकरी लोभी कसा? आमच्या सगळ्या तालुक्यात लोटाहून वेगळं वागणारा एक माणूस दाखवा. त्या गोष्टीत नवल लोटाचं नाही. वडीलधारा असून, हक्क असून, आधी तू उचल असं म्हणता आलं, हे नवल. आमच्याकडंही जुनी रीत आहे, थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं. रीत चांगली आहे, पण ती पाळायची वेळ विहिरीपाशी येते.

आमच्या बापानं, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, ती विहिरीपाशी पाळली. सात एकर रान, एक विहीर, दोन भाऊ. निम्मं पाणी तुझं निम्मं माझं असं कागदावर करता आलं असतं. पण आबांनी पुढची भांडणं ओळखली आणि धाकट्याला म्हणाले, तू उचल. चुलत्यानं विहिरीकडचं उचललं. कुणीही उचललं असतं. आबा घरी येऊन बायबल उघडून बसले. मंडळीत त्यांचं नाव झालं. पाळकसाहेबांनी प्रवचनात अब्राहाम म्हटलं.

आईनं मात्र वर्षभर आबांशी धड बोलणं केलं नाही. तिचं एकच म्हणणं होतं, आणि ते तिनं मरेपर्यंत बदललं नाही. "देव पयला ठेवला, लई चांगलं केलं. पर हंडा माझ्या डोक्यावर ठेवला." घरचं पाणी, गुरांचं पाणी, सगळं तिला पाऊण मैलावरनं आणावं लागायचं. आबांनी नवी विहीर खणायला घेतली, सुरुंग लावले, वीस फुटांवर काळा पाषाण लागला. चार वर्षं गेली. लागलेलं पाणी संक्रांतीपर्यंत पुरायचं, मग तळ. साक्ष देणारे लोक सांगतात तसं देवानं दुप्पट वगैरे काही दिलं नाही. दिलं असतं तर मी लिहिलं असतं.

आईच्या वाक्यावर मी आयुष्यभर विचार केला आहे. देवाला पहिला ठेवणारा एक असतो आणि त्याचं मोल देणारा पुष्कळदा दुसराच असतो. रेव्हरंड टिळकांचं घ्या. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई पाच वर्षं वेगळ्या राहिल्या, मग १९०० साली त्यांनीही घेतला. १९१७ साली टिळकांनी मिशनची पगाराची नोकरी सोडली आणि देवाचा दरबार काढला. पैशाला हात न लावणारा, असेल ते देऊन टाकणारा माणूस. आमच्या नगरच्या ख्रिस्ती लोकांना त्यांचा अभिमान आहे, मलाही आहे. पण ‘स्मृतिचित्रे’ वाचा. देऊन टाकल्यावर घरात जे उरत नाही, त्यावर संसार कसा चालवायचा ते काम लक्ष्मीबाईंचं. त्या ते हसत सांगतात, त्यामुळं वाचणाराही हसतो. मी पहिल्यांदा हसलो. दुसऱ्यांदा वाचताना मला आईचा हंडा दिसला.

येशूला हे माहीत नव्हतं असं नाही. परूश्यांना त्यानं कुर्बानवरून सुनावलं आहे. आईबापाला द्यायचं ते देवाला अर्पण केलं असं म्हणायचं आणि मोकळं व्हायचं, अशी त्यांची युक्ती होती. देवाचं नाव सांगून घरचं देणं बुडवायला त्याची सक्त मनाई आहे. तेव्हा देव पहिला म्हणताना आधी बघावं, मी जे सोडतोय ते माझंच आहे का?

याच आबांची दुसरी गोष्ट सांगतो, म्हणजे त्यांच्यावर अन्याय नको. पाटाचं आवर्तन सुटलं आणि आमची पाळी रविवारी सकाळी आली, तर आबा शेजारच्या पाटलांशी अदलाबदल करायचे. रात्रीची पाळी कुणालाच नको असते. थंडी, साप, चिखल. आबा शनिवारी रात्री पाटलांची पाळी घ्यायचे आणि त्यांना रविवारची सकाळ द्यायचे. पहाटे दारं मोडून झाली की आंघोळ करून उपासनेला. तिथं ते पहिल्या गीतापासूनच पेंगायचे. पाळकसाहेबांना ते आवडायचं नाही. मला मात्र वाटतं, त्या पेंगण्याएवढी खरी उपासना त्या दिवशी दुसऱ्या कुणाची झाली नसेल. तिथं किंमत त्यांच्या स्वतःच्या झोपेनं भरली होती. पाटील म्हणायचे, "तुमचा येशू माझी रातपाळी वाचवतो बुवा." आणि बैल विहिरीत पडला तर शब्बाथाच्या दिवशीही काढायचा, हे येशूनंच सांगून ठेवलंय. आबाही अशा वेळी उपासना सोडून दोर घेऊन पळाले आहेत. नियम करून ठेवण्यासारखी ही बाब नाही.

दशमांशाचं बघा. पगारदाराला सोपं आहे, हजाराला शंभर. शेतकऱ्यानं कशावर काढायचा? उसाच्या बिलावर, का सोसायटीची वसुली कापून हातात येतं त्यावर? एका साली मार्केटात कांदा नेला. हमाली, तोलाई, भाडं जाऊन पट्टीवर उलट माझ्याच नावावर देणं निघालं. उण्याचा दहावा भाग किती होतो हे मी एका पाळकांना विचारलं होतं. ते हसले आणि म्हणाले, "दादा, तो देवाकडून घ्या."

म्हणून मला दशमांशापेक्षा हंगामाचा सण जवळचा वाटतो. बाजरीचं पहिलं कणीस, भोपळा, कोंबडी, अंडी, लिंबं, ज्याच्या रानात जे आलं ते आणायचं, वेदीपुढं ठेवायचं. उपासनेनंतर लिलाव. एक लिंबू पाचशेला जातं. ज्या म्हातारीनं ते आणलेलं असतं ती तोंडाला पदर लावून हसते. विधवेच्या दोन टोल्यांचा हिशेब येशूनं कसा केला असेल ते त्या लिलावात थोडंसं कळतं. यातली पहिल्या कणसाची रीत तर मला फार खोल वाटते. पहिलं कणीस द्यायचं तेव्हा बाकीचं रान अजून उभं असतं. गारपीट होऊ शकते, पाखरं पडू शकतात, भाव पडू शकतो. मळणी करून, विकून, देणी भागवून उरलेल्यातलं देणं वेगळं. पुढं काय होईल ते माहीत नसताना देणं वेगळं. आधी या शब्दाचा मला कळलेला अर्थ एवढाच आहे.

हल्ली मोठे मंडप घालून सभा होतात. भाषण करणारा सांगतो, देवाच्या कामात पैशाचं बी पेरा, शंभरपट उगवेल. ज्यानं कधी पेरणी केली नाही तोच असं बोलू शकतो. आम्ही सोयाबीन पेरतो, पाऊस दडी मारतो, दुबार पेरणी करतो. बी म्हणजे हमी नव्हे. आणि शंभरपट मिळावं म्हणून दिलेलं ते दान कसलं? ती उचल झाली. ऊसतोडीच्या टोळीला मुकादम देतो तसली. देवाला मुकादम करायचं आणि वर त्याला पहिला मान दिला म्हणायचं, हे मला पटत नाही. त्या मंडपात धनच पहिलं असतं, देवाला फक्त त्याच्याकडं जायचा रस्ता केलेला असतो. लोक बिचारे अडचणीतले असतात. आजारपण, कर्ज. त्यांना मी दोष देत नाही. माईक ज्याच्या हातात आहे त्याला देतो.

धनाचं प्रेम बघायचं तर मोठ्या रकमेत बघू नये, बांधावर बघावं. दर नांगरटीला अर्धं तास बांध कोरणारे माझ्या ओळखीचे आहेत, आणि त्यांत उपासनेला पुढच्या बाकावर बसणारेही आहेत. मोशेच्या नियमशास्त्रात शेजाऱ्याची मेर सरकवू नका असं स्पष्ट सांगितलंय. म्हणजे तेव्हाही कोरत होते. वीतभर मातीत पीक किती येणार? शेरभर नाही. पण त्या वितीसाठी भाऊ भावाच्या मयताला जात नाही. जो माणूस लिलावात लिंबाला पाचशे देतो आणि बांधाला वीत कोरतो, त्याचा देव कितवा?

आणि बांधाहून मोठी गोष्ट बहिणींची. ही मी मुद्दाम शेवटी ठेवली, कारण ती अजून चालू आहे. आम्हा ख्रिस्ती लोकांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागतो. बाप मृत्युपत्र न करता गेला तर तिसरा हिस्सा विधवेचा, बाकीचं मुलामुलींत सारखं. कायद्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही. त्याच्याही कितीतरी आधी सलाफहादाच्या पाच मुली मोशेपुढं उभ्या राहिल्या, आम्हाला भाऊ नाही म्हणून बापाचं नाव का बुडावं म्हणाल्या, आणि देवानं सांगितलं, मुली बरोबर बोलतात, त्यांना वतन दे. एवढं सगळं असून आमच्यात चाल तीच आहे जी गावाची आहे. बाप गेला की दिवस झाल्यावर बहिणींना तालुक्याला न्यायचं, हक्कसोडावर सह्या घ्यायच्या, येताना एक साडी. बहीणही म्हणते, भावापेक्षा जमीन मोठी आहे का. हे वाक्य नेहमी तिच्याच तोंडी का असतं? भावानं कधी म्हटलेलं मी ऐकलं नाही.

आबा गेले, मग आई गेली. साडेतीन एकरावर माझ्या दोन बहिणींची नावं माझ्या नावाबरोबर लागली, ती मी तशीच ठेवली आहेत. भाऊबंदांनी वेड्यात काढलं. थोरल्या बहिणीला स्वतःलाच ते अवघड वाटलं, माहेर तुटेल म्हणून. तिला सांगितलं, अक्का, तुझं माहेर साडीवर नाही टिकलेलं. दरसाल खर्च जाऊन जे राहतं त्याचे तीन वाटे करतो. काही साली वाटा म्हणजे दोन पायल्या बाजरी आणि गवारीची पिशवी एवढाच असतो.

पण आईचं वाक्य माझ्याही घरात परत आलं आहे. शेती आता मुलगा बघतो. ठिबकासाठी, ट्रॅक्टरसाठी कर्ज काढायचं तर बँक तिघांच्या सह्या मागते. धाकटी बहीण पुण्याला, थोरलीचे गुडघे दुखतात. मागच्या महिन्यात मुलगा फाईल आपटून म्हणाला, "दादा, देवाचं तुम्ही बघितलं, सह्या गोळा करत मी फिरतोय. आणि उद्या आत्याची पोरं वाटा मागायला आली तर मी काय करू?" त्याचं चुकत नाही. एक एकर आणि सहा-सात गुंठे एवढंच त्याच्या बापाचं खरं. त्यावर आजच्या काळात घर चालत नाही, आणि हे मी ठरवलं तेव्हा तो दहावीत होता, त्याला कुणी विचारलं नव्हतं. मी जे सोडलं ते माझं होतं का त्याचं? मी त्याला म्हणतो, ते आपलं नव्हतंच, आत्यांचं होतं. तो म्हणतो, गावात सगळ्यांच्या आत्यांचं असतं. यावर माझ्याकडं उत्तर आहे, पण ते त्याला देण्याआधी त्याच्या डोक्यावरचा हंडा मला दिसतो, आणि मी गप्प बसतो.

बुधवारी अक्का एस.टी.नं आली. बँकेत तिच्या सहीला दोन तास लागले. परत येताना पुलापाशी गाडी थांबवायला लावून ती पाटाच्या पाण्याकडं बघत बसली. मुलाला म्हणाली, तुझा पणजा इथं पाट्या उचलत होता. तो काही बोलला नाही. घरी आल्यावर तिनं बाजरी निवडायला घेतली आणि त्याला म्हणाली, पुढच्या कर्जाला मला पंधरा दिवस आधी सांग, मी गुडघ्याचं इंजेक्शन घेऊन येते.